शिवेपर्यंतचा माग

"दादा, चार कॅमेरे टाकायचे हायत. कोणचे घ्यावं?" ताडकळसहून मावसभावाचा फोन आला, तेव्हा खरं तर त्याच्याकडे चार कॅमेरे आधीपासूनच होते.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यातलं बाजाराचं गाव. बाजार समिती आहे, पोलीस ठाणं आहे. भावाचं तिथं कृषी सेवा केंद्र आणि दुकानामागं पत्र्याचं गोदाम. मृगाच्या तोंडावर एका रात्री गोदामातून सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा गेल्या. कॅमेरे चालू होते, रेकॉर्डरचे दिवे लुकलुकत होते. सकाळी चौघं जण स्क्रीनवर वाकले आणि रात्रीचे दोन लावून पाहू लागले, तर घड्याळात दोन आणि अंगणात लख्ख ऊन. रेकॉर्डर ग्रीनिचच्या वेळेवर चालत होता, साडेपाच तास मागं. बसवणाऱ्यानं तो तसाच ठेवून दिला होता आणि दोन वर्षं कुणी पाहिलंही नव्हतं. हिशेब लावला तेव्हा चोर सापडला आदल्या संध्याकाळच्या आठ बावन्नला, म्हणजे रात्री दोन बावीसला. सापडला म्हणजे काय, तर अंगावर शर्ट असलेला एक माणूस होता आणि चेहऱ्याच्या जागी पिठाचा ठिपका. भाच्यानं स्क्रीनवरचं ते दृश्य मोबाइलमध्ये टिपून घेतलं. पंधरा दिवसांनी मूळ फुटेजची गरज पडली, तर डिस्कनं त्यावर पुढचे दिवस लिहून टाकले होते.

म्हणून 'कोणचे घ्यावं' या प्रश्नाला एखाद्या कंपनीचं नाव सांगून मला मोकळं होता येईना. चार कॅमेरे असून माग निघाला नव्हता.

मागोवा हा शब्द आपण लेखांच्या मथळ्यांना इतका वापरला की त्याला लागलेली माती झडून गेली. माग म्हणजे जमिनीवर उमटलेलं पाऊल. चोरीला गेलेल्या बैलाचा खूर, चोराच्या वहाणेचा ठसा, दवात मोडलेलं गवत. तो काढायचं काम जागल्याचं. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचं काम नीट नोंदवलेलं आहे. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक पाहिजे. रात्री कोण बाहेर आहे, कोण परका उतरला आहे, हे ठाऊक पाहिजे. चोरी झाली तर चोर त्यानं धरून द्यायचा. नाही सापडला तर माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तिथं तो माग पुढच्या गावाच्या ताब्यात द्यायचा. एकदा शेजारच्या गावानं माग पत्करला की यांची सुटका. मधेच हरवला, तर नुकसानभरपाईचं ओझं रखवालदारावर आणि गावावर. ताडकळस तेव्हा पेशव्यांकडं नव्हतं, निजामाकडं होतं. पण गावगाडा शिवेपाशी बदलत नसे. वेशीत येसकर, गल्लीत जागल्या, ही मांडणी गोदेच्या दोन्ही काठांना ओळखीची.

या व्यवस्थेबद्दल हळवं होण्याचं कारण नाही. वेस राखणाऱ्याला घर वेशीच्या आत नव्हतं. रखवालीचं काम बहुतेक ठिकाणी महार, मांग, रामोशी, भिल्ल यांच्या माथी. मोबदला भाकरीचा आणि चार पसा धान्याचा. भरपाईची वेळ आली की मान मात्र त्यांची. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते उगाच नव्हे. पण हे सगळं मान्य करूनही त्या पद्धतीतली एक गोष्ट मला कॅमेऱ्यांच्या दुकानात वारंवार आठवते. जागल्यानं पाहिलं, एवढ्यावर काम संपत नसे. पाहिलेलं दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागे, आणि समोरच्यानं 'घेतला' म्हणावं लागे. कॅमेऱ्याची वंशावळ लोक डोळ्यापासून सुरू करतात. मला ती पावलापासून सुरू होताना दिसते.

हैदराबाद संस्थानात गावाला पाटील दोन: वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, वतनं पुढं मोडली. पोलीस पाटील राहिला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं त्याचं पद पक्कं केलं. जागल्याची जागा मात्र कुणी घेतली नाही. परभणीसारख्या शहरात शिट्टी आणि काठी वाजवत गुरखा फिरू लागला, महिनाअखेरीला दारोदार पैसे गोळा करू लागला. तो ओळख ठेवत नव्हता, फक्त जागा असल्याचा आवाज करत होता.

जागा होता कशावरून, हा प्रश्नही जुनाच. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन व्हाइटहर्स्ट नावाच्या घड्याळजीनं रखवालदारासाठी घड्याळ बनवलं. फेरीवर येऊन त्यानं खुंटी दाबली की वेळेची खूण उमटायची, नाही दाबली तर मालकाला सकाळी कळायचं. रखवालीत नोंद ठेवणारं यंत्र शिरलं ते असं, आणि त्यानं पाळत ठेवली ती चोरावर नव्हे, राखणदारावर. आपल्याकडं बँकेच्या दाराशी टांगलेली भेट-वही त्याच जातीची. गस्तीवरचा पोलीस येतो, सही करतो, वेळ घालतो, जातो.

आता जर्मनी. परभणीच्या माणसापुढं जर्मनीचं नाव काढलं की त्याच्या गालात हसू येतं, कारण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणीमागची गोष्ट विचारली तर चौघे चार गोष्टी सांगतील. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत म्हणीचा पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. १९४२ साली बाल्टिक समुद्राकाठी पेनेम्युंडे इथं व्ही-२ अग्निबाण उडवले जात होते. ते उडण्याऐवजी पुष्कळदा फुटत, त्यामुळं जवळ उभं राहून पाहणं म्हणजे मरण. सीमेन्सनं तिथं कॅमेरे बसवले, तारेतून चित्र लांबच्या सुरक्षित खोलीत नेलं. जगातली पहिली सीसीटीव्ही म्हणून तिचंच नाव घेतलं जातं, आणि ती उभारणारा अभियंता वाल्टर ब्रुख. तिच्यात नोंद नव्हती. चित्र आलं, दिसलं, गेलं.

हाच ब्रुख लढाईनंतर टेलिफुंकेन कंपनीत परतला आणि साठीच्या दशकात त्यानं रंगीत दूरदर्शनची पाल पद्धत काढली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी आपलं दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीनं. पुढं जुन्या तारेचे कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे त्यांचे रेकॉर्डर, भारतभर पसरले, तेव्हा प्रत्येकाच्या मेनूत एक ओळ असायची: पाल की एनटीएससी. परभणीतला बसवणारा डोळे झाकून पाल दाबायचा. ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. अग्निबाण फुटतो का पाहणाऱ्या माणसाचं बोट असं आपल्याकडच्या सराफाच्या दुकानापर्यंत पोचलं होतं, आणि सराफाला त्याचा पत्ता नव्हता.

पालच्या काळात डीव्हीआरनं चांगलं चित्र दिलं म्हणजे ७०४ आडवे आणि ५७६ उभे ठिपके. आज दोन मेगापिक्सेलचा साधा आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारा, १९२० आडवे ठिपके देतो. तरी भावाच्या चोराला चेहरा का नव्हता? कारण ठिपके किती, यापेक्षा ते किती रुंदीवर पसरले, हे महत्त्वाचं. त्याचे चारही कॅमेरे २.८ मिलिमीटर भिंगाचे होते. हे भिंग सुमारे शंभर अंशांचा पसारा दाखवतं. दुकानदार ते आवडीनं देतो, कारण मोबाइलवर सगळं अंगण एकदम दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. चोर होता पंधरा मीटरवर. तिथं त्या भिंगाच्या दृश्याची रुंदी होते पस्तीसेक मीटर. १९२० ठिपके पस्तीस मीटरवर वाटा, मीटरला पंचावन्न येतात. माणसाचा चेहरा वीतभराहूनही अरुंद. त्याच्या वाट्याला आठ-नऊ ठिपके. पिठाचा ठिपका म्हणालो ते याला.

या धंद्यातलं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की अनोळखी माणूस खात्रीनं ओळखायचा तर दर मीटरला २५० ठिपके हवेत. आणि माहितीतला माणूस ओळखायला? १२५. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा जागल्या आठवला. ओळख असेल तर निम्म्या ठिपक्यांत भागतं, हे मानकालाही मान्य आहे. असो. २५० च्या हिशेबानं दोन मेगापिक्सेल आणि २.८ चं भिंग फक्त सव्वातीन मीटरपर्यंत उपयोगाचं. चार मेगापिक्सेल आणि ६ मिलिमीटरचं भिंग घेतलं तर हीच मजल दहाएक मीटरवर जाते, पण दृश्य अरुंद होतं. म्हणजे चारही कॅमेरे एकाच भिंगाचे घेणं हाच मूळ घोटाळा. एक फाटकावर अरुंद नजरेचा, माणूस जिथून गेल्यावाचून राहत नाही त्या जागेवर रोखलेला; बाकीचे रुंद. आणि तो फाटकावरचा छताच्या उंचीवर नको. तिथून टोपी दिसते.

घराच्या राखणीत कॅमेरा आणला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका परिचारिकेनं. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय बाई. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा अडनिड्या, घरी एकटं राहावं लागे, आणि पोलीस बोलावले तर लवकर येत नसत. १९६६ साली तिनं आणि तिच्या नवऱ्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीची भोकं, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, आणि बसल्या जागेवरून दार उघडायची कळ. आज भाऊ मोबाइलवर फाटक बघतो, त्याची ही आजी. तिच्या यंत्राचा भर दारात कोण आहे हे त्याच क्षणी बघण्यावर होता.

साठवण आली ती टेपनं. १९७६ मध्ये व्हीएचएस आली. तिच्यावर रखवालीचे खास रेकॉर्डर निघाले. काही तासांची कॅसेट चोवीस तास पुरवायची म्हणून ते मधली चित्रं गाळत. बँकेत सोमवारची कॅसेट, मंगळवारची कॅसेट अशी चळत असे आणि पुढच्या सोमवारी आधीच्या सोमवारवर नवं चित्र चढे. भावाच्या डिस्कनं चोर पुसला तो या कॅसेटचा वारसा. यंत्र बदललं, खोड तीच. याचा हिशेब फार सोपा आहे आणि दुकानात तो कुणी करून देत नाही, म्हणून इथं करतो. कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला १०.८ जीबी जागा खातो. भावाचे कॅमेरे दोन मेगाबिटवर लावलेले, म्हणजे प्रत्येकी २१.६ आणि चौघांचे मिळून ८६ जीबी. डिस्क एक टीबीची. साडेअकरा दिवस. फुटेजची गरज पडली पंधराव्या दिवशी. दुकानदाराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "म्हैनाभर बॅकअप येतो की." चार टीबीची, पाळतीच्या कामासाठीच बनवलेली डिस्क घेतली तर दीड महिना सहज निघतो. २०१३ साली आलेली एच.२६५ ही चित्र दाबून भरायची पद्धत वापरली तर तेवढ्याच जागेत आणखी दिवस बसतात. कॅमेऱ्यापेक्षा डिस्कवर पैसे घाल, हे मी भावाला तीनदा सांगितलं.

आयपी कॅमेऱ्याचा जन्म मात्र चोरीशी अजिबात संबंध नसलेला. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं आणि जिना चढून जावं तर ते रिकामं निघे. दोघा संशोधकांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र आपल्या जाळ्यातून सगळ्यांच्या टेबलावर नेलं. १२८ बाय १२८ ठिपके, रंग करडा. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि जगभरचे लोक दुसऱ्याच्या कॉफीचं भांडं बघू लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेणारं 'श्पीगल ऑनलाइन', म्हणजे पुन्हा जर्मनीच.

दुकानात विकत मिळणारा पहिला आयपी कॅमेरा १९९६ चा: स्वीडनच्या लुंड गावातल्या ॲक्सिस कंपनीचा 'नेटआय २००'. मोठं चित्र हवं असेल तर तो दर सतरा सेकंदांना एक देई. सतरा सेकंदांत ताडकळसचा चोर बॅग उचलून कुंपणापार झाला असता. पण त्या डबीत नवी गोष्ट ही होती की कॅमेरा आता नुसता डोळा राहिला नव्हता, तो पत्ता असलेला छोटा संगणक झाला होता. त्याला स्वतःचं घड्याळ आलं, पासवर्ड आला. आणि घड्याळ चुकायची, पासवर्ड चोरीला जायची सोयही आली. आयपी कॅमेऱ्याचे सगळे गुण आणि सगळी दुखणी या एका बदलातून निघतात.

गुण सांगतो. २००३ च्या मानकानं एकाच केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही न्यायची सोय झाली. शंभर मीटरपर्यंत एक तार पुरते, प्रत्येक कॅमेऱ्याशेजारी वीजपुरवठ्याची डबी लागत नाही. आपल्याकडं लाइट जाणं हे पावसाइतकं ठरलेलं. एका यूपीएसवर स्विच आणि रेकॉर्डर ठेवला की सगळे कॅमेरे जागे राहतात. चोराला लाइनमनचं वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. दुसरा गुण, २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ओनव्हिफ नावाची समान बोली ठरवली. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलू शकतो. खोक्यावर हे नाव नसेल तर उद्या एक कॅमेरा बिघडला की त्याच दुकानाच्या पायरीवर जावं लागतं.

रेकॉर्डिंग कशात करायचं, हा त्यापुढचा प्रश्न. एनव्हीआर म्हणजे रेकॉर्डरची तयार पेटी. लावा आणि विसरा, आणि विसरणं हाच तिचा धोका. दुसरी वाट संगणकावरच्या सॉफ्टवेअरची. डेन्मार्कच्या माइलस्टोनची आठ कॅमेऱ्यांपर्यंतची आवृत्ती फुकट आहे; झोनमाइंडर आणि फ्रिगेट ही खुल्या परवान्याची, जुन्या संगणकावर लिनक्स टाकून चालणारी. फ्रिगेट माणूस, गाडी, कुत्रं वेगळं ओळखतं, त्यामुळं वाऱ्यानं ताडपत्री हलली म्हणून रात्री तीनदा फोन वाजत नाही. मला स्वतःला ही वाट आवडते. पण ज्याच्या घरात ते दुरुस्त करणारं माणूस नाही त्याला ती सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहीर खोदून देणं. भावाला मी पेटीच सांगितली.

शहरांत कॅमेरे दहशतवादी हल्ल्यांनंतर आले. मुंबईत २६/११ नंतर राम प्रधान समितीनं शिफारस केली आणि २ ऑक्टोबर २०१६ ला शहरभरच्या कॅमेऱ्यांचा प्रकल्प सुरू झाला. गावात मात्र कॅमेरा आला तो दुकानदाराच्या खिशातून किंवा लोकवर्गणीतून. पोलीस ठाण्यांतही तो आला, पण उलट तोंडानं: २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं, रेकॉर्डिंग अठरा महिने, ते जमत नसेल तिथं किमान वर्षभर राहिलं पाहिजे असंही. ताडकळसच्या ठाण्यालाही हा आदेश लागू. व्हाइटहर्स्टचं घड्याळ इथं पुन्हा भेटतं, राखणदारावर नजर.

पाहिलेलं सोपवायचं कसं, या जागल्याच्या जुन्या प्रश्नाचं आजचं उत्तर मात्र आमच्या मराठवाड्यातच घडलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. गोरंट्याल यांचं म्हणणं, २७ सप्टेंबरला अर्जाची मुदत दुपारी तीनला संपली होती आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे होते. चित्रीकरणात सगळं होतं. अडलं ते कागदापाशी. पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणं हे चित्रीकरण कुठल्या यंत्रातून, कसं निघालं याचं प्रमाणपत्र तेव्हा लागत होतं. ते मागूनही कार्यालयानं दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये, अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीला पुरेसं मानून, निवड रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेलं. १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं: मूळ यंत्र न्यायालयात आणून त्याच्या मालकानं साक्ष दिली तर ठीक, नकलेवर भिस्त असेल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. या प्रकरणात मागणाऱ्यानं सगळे प्रयत्न करूनही कागद मिळाला नव्हता, इतर पुरावाही होता, म्हणून खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर ती विधानसभाच संपली होती. पण देशभर कुठंही फुटेजचा वाद निघाला की वकील आता आमच्या जालन्याचं नाव घेतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं. त्यात हॅश लिहायचा, म्हणजे फाइलचा असा आकडा की फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. भाच्यानं मोबाइलवर टिपलेलं दृश्य यापुढं काय टिकणार? चोरीच्या दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची, हॅश काढायचा, घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागं-पुढं आहे ते कागदावर लिहून ठेवायचं. शिवेवर उभं राहून पुढच्या गावाला 'हा माग, घे' म्हणायचं, ते आता असं.

शीव तरी आता कुठं आहे म्हणा. भावाच्या मोबाइलवर गोदाम दिसतं, ते कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड टिपला म्हणून. मधला सर्व्हर कुठल्या देशात आहे, हे त्याला बसवणारा सांगू शकला नाही. अकोल्याचे तेव्हाचे खासदार संजय धोत्रे माहिती-तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्री असताना त्यांनी २०२१ साली लोकसभेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांतले सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतलं चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. त्याआधी २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्यानं जगाला दाखवून दिलंच होतं. कारखान्यातून आलेले साठेक ठरीव पासवर्ड त्याच्याकडं होते, एवढंच. ते घालून त्यानं लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. राखणीला ठेवलेले दरोड्याला गेले होते. आता केंद्र सरकारनं कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी सक्तीच्या केल्या आहेत. एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना निघाली, पुढं मुदत वाढून ९ एप्रिल २०२५ झाली. त्यामुळं खरेदी करताना त्या अटींच्या चाचणीत उतरलेलं मॉडेल आहे का, ते विचारायचं. दुकानदार 'हाव' म्हणाला तर मॉडेल नंबर ताडून बघायचा.

शेवटी काय घेतलं? चार मेगापिक्सेलचे चार, त्यांतला फाटकावरचा ६ मिलिमीटरचा, ओनव्हिफवाले, एकाच केबलवर चालणारे, आठ कॅमेऱ्यांची पेटी, चार टीबीची डिस्क, यूपीएस. रेकॉर्डर कुलपाच्या कपाटात, कारण मागच्या वेळी तो गल्ल्याशेजारी उघड्यावर होता. चोरानं नेला नाही हे नशीब. बसवायला आलेल्या पोरानं पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दुकानाचं नाव आणि एकदोनतीन टाकलं. मी तो बदलायला लावला. "कामून?" त्यानं विचारलं. मिरायची गोष्ट सांगितली तर त्याला ती आवडली, पण पटली असं वाटलं नाही. घड्याळ नेटवरून आपोआप जुळेल असं लावलं, भारताची वेळ निवडली, आणि भावानं मनगटावरचं घड्याळ स्क्रीनला लावून तीनदा ताडून पाहिलं.

काम होईपर्यंत समोरच्या ओट्यावरची म्हातारी बघत होती. तिचं दार आणि फाटक समोरासमोर. पोरगा शिडीवरून उतरल्यावर तिनं भावाला हाक मारली.

"काय रं, आमचा वटा दिसतो का त्यात?"

"दिसतो माय."

"मंग म्या बसू कुठं?"

भाऊ माझ्याकडं पाहू लागला. मेनूत दृश्याचा हवा तो तुकडा झाकायची सोय असते. पोरानं स्क्रीनवर बोटानं चौकोन ओढला आणि तिचा ओटा, दार आणि तुळस काळ्या रंगाखाली गेली. भावानं तिला आत आणून दाखवलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, बरं म्हणाली.

तरी अजून येता-जाता ती कॅमेऱ्याकडं बघते आणि डोईवरचा पदर सारखा करते.